घरात उघडायची, घरात जोडायची

"जुन्या मोटरसायकली तू घरीच दुरुस्त करतेस?" असं कुणी विचारलं की मी हो म्हणते. पूर्ण खरं नाही ते. घरी गाडी उघडते आणि घरी जोडते, एवढंच. मधल्या काळात ती पिशव्यांतून, श्रीखंडाच्या डब्यांतून, माझ्या ॲक्टिव्हाच्या पायाजवळ बसून सगळं कोल्हापूर फिरून येते. सिलिंडर उद्यमनगरात, क्रँक प्रेसवर, हँडल प्लेटिंगला, टाकी पेंटरकडे. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात तेवढा सांगाडा उभा असतो आणि दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत प्रत्येक जण विचारतो, "काय, अजून तशीच?"

दिवसा मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेथडिंगचं काम करते. साच्यात धातू कुठून सोडायचा, रायझर (धातू आकसताना भर घालणारा जादा साठा) कुठं ठेवायचा, कास्टिंग कुठं पोकळ राहील हे आधी कॉम्प्युटरवर बघायचं, मग शॉपमध्ये जाऊन मेस्त्रींशी वाद घालायचा. त्यामुळे धातूशी ओळख होती, इंजिनाशी नव्हती. ती सध्याच्या ह्या गाडीमुळे, एका जुन्या जावा मोटरसायकलमुळे झाली.

गाडी १९६९ ची. चिखलीच्या बाजूला एका गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे उभी होती. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना चिखली म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माणसं हलवली, जनावरं हलवली, बंद पडलेली मोटरसायकल कोण हलवणार? ती तिथंच पाण्यात राहिली आणि पाणी ओसरल्यावर तशीच वाळली. सीट कुणीतरी आधीच नेलेली. आरसी बुक मात्र माडीवर देवाच्या फडताळात असल्यानं कोरडं होतं. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर त्याच्याशी जुळवून बघितले, जुळले, आणि माझा निर्णय तिथंच झाला.

"इंजिनात गाळ असंल बघ पोरी," मालक आजोबा म्हणाले. "आमी काय उघडलंच न्हाई."

मला ह्या वाक्याचा आनंद झाला. जुन्या गाडीत पाणी, गाळ, गंज ह्यांचं काही वाटत नाही. भीती असते ती आधी कुणीतरी उघडून, चार नट कमी लावून, सिलिकॉन फासून बंद केलेल्या इंजिनाची.

जावाबद्दल थोडं, ज्यांनी फक्त नवी बघितलीय त्यांच्यासाठी. कंपनी मूळची चेक, १९२९ ची. आपल्याकडे ती म्हैसूरमार्गे आली. रुस्तम आणि फारुख इराणी ह्यांनी म्हैसूरच्या महाराजांच्या पाठबळावर आयडियल जावा काढली आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडायला लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव येझदी झालं, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिनाला अडीचशे म्हणतात, खरं माप २४८.५ सीसी: ६५ मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७५ स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. आणि किकची दांडी हीच गिअरची दांडी. आत दाबून वर फिरवली की किक, इंजिन धडधडलं की परत पुढे पाडायची, मग तीच गिअर. वर आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, हातानं दाबला नाही तरी चालतं. साठीच्या आसपासच्या कोल्हापूरकरांना हे सांगायला गेलं की ते आपल्यालाच पुढचं सांगायला लागतात, कारण जावा नाहीतर राजदूत त्यांच्या घरात होतीच.

टू-स्ट्रोक असल्यानं आत व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टॅपेट नाहीत. वरखाली होणारा पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि ते वरखाली होणं गोल फिरण्यात बदलणारा क्रँक, एवढंच. स्वयंपाकघराच्या मागच्या परड्यात बसून एका माणसाला उघडता येईल असं हे इंजिन आहे. बुलेटचं करून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणते ते.

पिस्टन जाम होता. प्लग काढून वरून डिझेल आणि पातळ ऑइल ओतायचं, रोज पातळी बघायची आणि वाट बघायची. हातोडा उचलायची गरज नाही. जेव्हा सुटायचा तेव्हा लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या ठोक्यानं सुटतो. सिलिंडर वर ओढला आणि खालून पंचगंगा निघाली. ट्रान्सफर पोर्टमध्ये, म्हणजे इंधन वर नेणाऱ्या सिलिंडरमधल्या वाटांमध्ये, गाळ इतका घट्ट बसलेला की पोर्टचा आकार तसाच्या तसा ढेकळात उतरलेला. नदीचा गाळ मऊ वाटतो पण बेअरिंगसाठी तो पॉलिश पेपर आहे. त्यामुळे क्रँककेसमधलं, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीतलं, एकही बेअरिंग, एकही ऑइल सील परत वापरायचं नाही हे ठरलंच. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, शाहूपुरीत तो नंबर सांगितला की दुकानदार वळूनही न बघता डबी पुढे सरकवतो. सील माप सांगून मिळतात. जावाचा म्हणून मागू नका, महाग मिळतो.

उघडताना एक सांगते, क्लचचा मधला नट उलट्या आट्याचा आहे. हे ठाऊक नसताना पान्याला पाइप लावून जोर काढणाऱ्यांमुळे कितीतरी शाफ्ट भंगारात गेलेत.

आता मळी, म्हणजे कारखान्यात साखर काढून उरलेला काळा पाक.

गंज काढायला लोक ॲसिड वापरतात. ॲसिड गंज खातं आणि मग न थांबता चांगलं लोखंडही खायला लागतं, शिवाय धुऊन ठेवलेला तुकडा चहा पिऊन येईपर्यंत परत तांबूस. मळीला घाई नसते. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप आणि साधारण दोन आठवडे. मळीतले घटक गंजातलं लोखंड पकडून पाण्यात ओढतात, खालच्या धातूला फारसा हात लावत नाहीत. स्टँड, ब्रेकची दांडी, साखळीचं पत्र्याचं आवरण, टूलबॉक्सचं झाकण, सगळं राखाडी, स्वच्छ होऊन बाहेर येतं. पाण्यानं धुवायचं, लगेच वाळवायचं, लगेच प्रायमर किंवा ऑइल. मात्र ॲल्युमिनियम आणि जस्त ह्यात घालायचं नाही. कार्बोरेटरची बॉडी पिंपात टाकलीत तर बाहेर काय येईल ते बघवणार नाही.

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात मळी जनावरांच्या खाद्यासाठी मिळते, तिथूनच एक कॅन आणते. आठवडा झाला की वर बुरशीची साय धरते आणि आंबूस वास सुटतो. माशा येतात, मुंगळे येतात. सासूबाई एक दिवस नाकाला पदर लावून परड्यात आल्या.

"गुऱ्हाळ काढलंयस काय गं हितं?"

"गंज काढतोय आई."

"गंज निघंल तवा निघंल. त्या पिंपावर झाकण घाल आधी."

झाकण घातलं. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या दोन बायका येऊन तवा आणि खलबत्ता घालून बघू का विचारून गेल्या. खलबत्ता लोखंडी होता, चकाचक निघाला. तवा मी नको म्हटलं, खायच्या भांड्याला गाडीच्या पिंपातली मळी नको.

टाकीचं वेगळं. आतून गंज असेल तर मळी आतच भरून ठेवते, मग नट-बोल्ट घालून हलवत बसते, मग भरपूर पाणी. बारीक भोकं असतील तर ती आता दिसतात, कारण गंजानंच ती बुजवलेली असतात. झारून, म्हणजे सोल्डर करून घ्यायची. वेल्डिंग करायचंच असेल तर टाकी आधी पाण्यानं काठोकाठ भरून, फक्त कामाच्या जागेपुरती मोकळी ठेवून. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते, हे कुठल्याही जुन्या वेल्डरला विचारा.

सिलिंडर घेऊन उद्यमनगरात गेले. शिवाजी उद्यमनगरात अनोळखी माणूस नुसता चालत गेला तरी त्याला कळतं की हे गाव उसाच्या पाण्यावर मोठं झालंय. नदीवरून मळ्यात पाणी चढवायला ऑइल इंजिनं लागली, इंजिनांना कास्टिंग लागली, कास्टिंगला लेथ लागले, आणि लेथवाल्याकडे मग सगळं गाव मोडकं सामान घेऊन यायला लागलं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला तिथं सिलिंडर बोअर करणाऱ्याला आपण काही विशेष करतोय असं वाटतच नाही.

बोअरिंगच्या काकांचा नियम एकच, पिस्टन आधी आणा. एकाच ओव्हरसाइजचे (घासलेल्या सिलिंडरसाठी मुळापेक्षा किंचित मोठे) दोन पिस्टन मोजले तर शतांश मिलिमीटरांत फरक निघतो, म्हणून ते पिस्टन मोजतात आणि त्याला सिलिंडर कापतात. टू-स्ट्रोकला आणखी एक काम असतं. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा पात्यासारख्या होतात, त्या मोडून घेतल्या नाहीत तर पिस्टनची रिंग त्यात अडकून तुटते.

"काका, पोर्टच्या कडा तेवढ्या—"

"सांगायचं असतंय व्हय ते?"

मी गप्प बसले. नंतर बोटानं तपासून बघितलं, कडा मोडलेल्या होत्या. काकांनी मी बोट फिरवताना बघितलं आणि ते हसले.

क्रँकचं काम दुसऱ्या गल्लीत. हायड्रॉलिक प्रेसवर दोन्ही चाकं वेगळी करायची, जुनी पिन आणि रॉड काढायचा, नवं रॉड किट बसवून परत दाबायची. दाबून झाल्यावर दोन्ही बाजूचे शाफ्ट एका रेषेत नसतातच. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून बारीक फरक दाखवणारी डायल लावतात, क्रँक फिरवतात, काटा किती हलतो बघतात आणि तांब्याच्या हातोड्यानं नेमक्या जागी एकच टोला. परत फिरवायचं, परत बघायचं. काटा तीन-चार शतांशांच्या आत आला की झालं. तो पोरगा पंचविशीचा असेल. टोला मारायच्या आधी तो कानातले इअरफोन काढतो, एरवी काढत नाही.

सगळ्यात मजा आली ती कार्बोरेटरच्या झाकणाला. जावाचा कार्बोरेटर इंजिनावर एका ॲल्युमिनियमच्या झाकणाआड लपलेला असतो. माझ्या गाडीचं झाकण तीन तुकड्यांत होतं आणि एक कोपरा गायबच. नवं म्हणून जे बाजारात मिळतं ते मागवून बघितलं, त्याची कड क्रँककेसवर बसेना आणि पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. परत पाठवलं. आणि मग डोक्यात आलं की मी दिवसभर काय करते? कास्टिंगच की.

तुकडे एपॉक्सीनं जोडले, गेलेला कोपरा भरला, घासला आणि आमच्या ओळखीच्या पॅटर्नवाल्या मेस्त्रींकडे नेला. पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना. सागवानी पॅटर्न करणारे जे थोडे उरलेत त्यांतले ते एक. त्यांनी झाकण हातात घेतलं, उलटं केलं, परत माझ्या हातात दिलं.

"वहिनी, ह्योच पॅटर्न म्हणून वापरलासा तर आखूड येतंय की."

हे मलाही ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. वितळलेलं ॲल्युमिनियम थिजून गार होताना साधारण १.३ टक्का आकसतं. झाकणाची लांबी १२० मिलिमीटर धरली तर तयार कास्टिंग दीड मिलिमीटरनं कमी. दीड मिलिमीटर ऐकायला काही नाही, पण बोल्टची दोन भोकं त्या दीड मिलिमीटरामुळे जुळत नाहीत. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा. मेस्त्रींकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर आकसण्याच्या हिशेबानं आधीच ताणलेला. मी कॉम्प्युटरवर जे एका आकड्यानं करते ते ते ह्या पट्टीवर करतात. जिथं मशिनिंग होणार त्या तळाच्या कडेला आणखी दीड-दोन मिलिमीटर जास्त, आणि साच्यातून वाळू न मोडता पॅटर्न उचलता यावा म्हणून बाजूंना किंचित उतार. मूळ झाकणालाही तो उतार होता, म्हैसूरच्या कारखान्यातल्या माणसालाही झाकण साच्यातून काढायचंच होतं ना.

आमची फौंड्री लोखंडाची. तिथं धातू १४०० अंशांच्या आसपास ओततात, त्यात माझं एक झाकण कुठं घुसडणार? म्हणून उद्यमनगरातल्या एका छोट्या ॲल्युमिनियमच्या भट्टीवर गेले. तिथं ७०० अंशांच्या थोडं वर. काळी वाळू ठोकून साचा केला, पॅटर्न उचलला, वरचा अर्धा बसवला. ओतायच्या आधी भट्टीवाल्यानं मुशीत गॅस काढायची गोळी बुडवली, कारण वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन पितं आणि थिजताना तोच हायड्रोजन बारीक भोकं करून बसतो. पावसाळ्यात हा त्रास जास्त, आणि मी गेले होते श्रावणात. एकाच वेळी चार झाकणं ओतली. दोन चांगली निघाली, एकाला पृष्ठभागावर टाचणीची भोकं, एकात धातू कोपऱ्यापर्यंत पोचलाच नाही. मला एकच लागत होतं.

त्या झाकणावर अजूनही वाळूचा बारीक खरखरीतपणा आहे. बफिंगवाल्यानं आरसा करून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. माझं ह्या बाबतीत मत ठाम आहे आणि त्यावरून माझी भांडणं झालीत. रिस्टोअर केलेल्या म्हणून ज्या गाड्या प्रदर्शनात येतात, त्यांतल्या निम्म्या कारखान्यातून कधीच तशा बाहेर पडल्या नव्हत्या. इंजिनाची केस आरशासारखी, स्पोक सोनेरी, मडगार्डवर तीन थर क्लिअर कोट. १९६९ साली म्हैसूरमध्ये कुणाकडे एवढा वेळ होता? दसऱ्याला दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तिच्याकडे नीट बघा. ती जपलेली गाडी आहे, नटवलेली नाही.

माझ्या जावाच्या मागच्या मडगार्डला एक पोचा आहे, दुधाची किटली अडकवायच्या हुकाचा. तो मी ठोकून काढला नाही. रंग त्याच्यावरूनच मारला.

प्लेटिंगबद्दल थोडक्यात: टाकीच्या बाजूंचं क्रोम करायचं असेल तर आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम हे तिन्ही थर देणाराच माणूस शोधा. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, गंज अडवायचं काम खालचं निकेल करतं. निकेलमध्ये कंजूषी झाली की दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. आणि प्लेटिंगहून आलेली टाकी रंगाला देण्याआधी पाणी भरून रात्रभर ठेवा. तिथल्या ॲसिडनं नवी भोकं उघडतात, ती रंगानंतर सापडली तर रडू येतं.

रंग मरून. फवाऱ्याचं काम गॅरेजवाल्यानं केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते रेघांबद्दल. जावाच्या टाकीवर आणि मडगार्डवर सोनेरी रेघा असतात, त्या हातानं मारलेल्या होत्या. आता त्यांचे स्टिकर मिळतात. स्टिकरची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, आणि वळणावर तिची कड उचललेली दिसते. म्हणून गंगावेशीकडच्या एका पेंटर मामांना शोधलं. ट्रकच्या फाळक्यांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळं केलेला माणूस. फ्लेक्स आल्यावर पाट्या बंद झाल्या, आता घरांच्या पाट्या आणि गणपतीचे डोळे करतात.

त्यांनी टाकी मांडीवर घेतली. लांब केसांचा ब्रश, इनॅमलमध्ये टर्पेंटाइनचे थेंब, ते किती हे त्यांनी काचेच्या तुकड्यावर रेघ ओढून ठरवलं. मी मास्किंग टेप पुढे केली तर म्हणाले, "टेप ठेवा पिशवीत." करंगळी टाकीच्या कडेला टेकवून, मनगट न हलवता, सगळा हात खांद्यापासून ओढला. रेघ सुरू होताना बारीक, मधे भरलेली, टोकाला परत बारीक होत संपलेली. दुसऱ्या बाजूची रेघ पहिल्यापेक्षा किंचित वर आहे. मोजली तर कळते, बघून नाही. चहा विचारला तर म्हणाले काम झाल्यावर, आधी प्यायलो तर हात हलतोय.

सीटचं कव्हर, चाकं, स्पोक हे सगळं रीतसर झालं, वेळ फक्त रिममध्ये गेला. सोळा इंची जुनी रिम सरळ असेल तर ती सोडू नका, नव्या मिळतात त्या हलक्या पत्र्याच्या असतात.

परत सोप्यात आणून जोडायला लागले तेव्हा दिवाळी मागे पडली होती. जोडणं मला उघडण्यापेक्षा आवडतं. पॅकिंग घरीच कापते, कागद क्रँककेसवर ठेवून कडेनं हलकं ठोकत गेलं की आकार आपोआप उठतो. वायरिंग सहा व्होल्टचं. सहा व्होल्टला लोक नावं ठेवतात, कंदिलाएवढा उजेड म्हणतात. बहुतेक वेळा दोष व्होल्टचा नसतो, गंजलेल्या अर्थिंगचा असतो. बारा व्होल्टच्या मानानं तेवढ्याच वॉटच्या बल्बला इथं करंट दुप्पट, त्यामुळे सांध्यातला थोडासा अडथळाही अर्धा उजेड खाऊन टाकतो. वायर जाड घेतली, प्रत्येक अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडा पत्रा केला. उजेड पुरेसा आहे. कळंबा रोडला समोरून येणाऱ्या एसयूव्हीपुढे तो पुरत नाही, पण त्यांच्यापुढे कशाचाच पुरत नाही.

इग्निशनला सीबी पॉइंट, म्हणजे उघडताना प्लगला ठिणगी पाडणारी दोन टोकं, गॅप ०.४ मिलिमीटर. पॉइंट नेमका कधी उघडतो हे बघायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद दोन्ही टोकांमधे धरायचा, क्रँक हळू फिरवायचा, कागद ज्या क्षणी सैल सुटतो तो क्षण. नवऱ्याला कागद धरायला बसवलं होतं. "सुटला?" "नाही." "सुटला?" "नाही." "आता?" "मघाशीच सुटला." परत पहिल्यापासून. त्यानंतर बल्ब लावून केलं, बल्ब खोटं बोलत नाही आणि मोबाइलही बघत नाही.

पहिली किक कधी लागली वगैरे मी लिहीत नाही, सगळ्यांचं तेच असतं. धूर झाला, गल्ली जमली.

पेट्रोलचं मात्र लिहायला हवं. आता पंपावर जे मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे, आणि आपल्या जिल्ह्यात इथेनॉल होतं कशापासून तर उसापासून आणि मळीपासून. म्हणजे ज्या मळीनं मी टाकीतला गंज काढला, तिचंच सत्त्व पेट्रोलमधून टाकीत परत येतं आणि हवेतलं पाणी ओढून गंज धरायला मदत करतं. गाडी रोज चालली तर फरक पडत नाही. महिनाभर उभी राहिली तर तळाला पाणी बसतं. म्हणून उभी ठेवायची तर टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करून आत ऑइल फिरवते. जुन्या पेट्रोल कॉकमधला बुचाचा वॉशर, रबरी नळी, हे इथेनॉलमध्ये फुगतात किंवा ठिसूळ होतात, तिथं इथेनॉल चालणारं रबर घातलंय. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल लिटरला ४० मिली, सध्या रनिंग-इन, म्हणजे नवे भाग रुळवणं, चालू आहे म्हणून.

कागदांबद्दल विचारणारे बरेच जण आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचा नियम काढला: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. अट अशी की ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा कामांपुरतीच. माझी गाडी वयानं बसते, मी तिकडे गेले नाही. मला रविवारी सकाळी गंगावेशीत दूध प्यायला ती न्यायचीय आणि ते रॅलीत मोडत नाही. साधं नूतनीकरण केलं, पाच वर्षांचं. त्यासाठी तपासणीला गाडी न्यावी लागते, इंडिकेटर नसण्यावरून प्रश्न येतात, हाताचे इशारे दाखवावे लागतात. मी दाखवले.

राजदूत, येझदी की जावा, पहिली गाडी कुठली घेऊ, असंही विचारतात. येझदी रोडकिंग घ्या. सामान मिळतं, चालवायला सोपी, आणि जावाच्या नादात भाव चढलेत तेवढे तिचे अजून चढलेले नाहीत. आरडी ३५० च्या वाटेला पहिल्याच खेपेला जाऊ नका, तिला दोन सिलिंडर आहेत आणि तिचं सामान विकणाऱ्यांना तुमची गरज चेहऱ्यावर दिसते.

सध्या जावा रिंग रोडला पन्नासच्या आत फिरते. एकाच वेगात लांब ओढायची नाही, थ्रॉटल कमी-जास्त करत राहायचं, चढाला खालच्या गिअरवर. पाचशे किलोमीटर झाले की हेड उघडून सिलिंडरची भिंत बघणार. घासल्याच्या उभ्या रेघा नसतील तर पन्हाळ्याच्या घाटात घालते, असतील तर परत काकांकडे.